पाय भरलाय म्हणालात

आवं पैलवान, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. तुमचा तो जुना फोटो, फेटा बांधलेला, खांद्यावर गदा, आणि खाली हे एवढाल्या अक्षरांत लिहिलंय, ‘कुणापुढंही न वाकलेला मल्ल’. शोकसभेतसुद्धा तेच तुणतुणं. जो उठला तो म्हणाला, वस्ताद आयुष्यात कुणापुढं वाकले नाहीत. लोक माना हलवत होते. मी पुढच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसले होते आणि असा राग येत होता, की उठावं, माइक हिसकावून घ्यावा आणि सांगावं, अहो, वाकले नाहीत कारण त्यांना वाकताच येत नव्हतं!

खोटं सांगत असेन तर सांगा. बुटाची नाडी बांधता येईना म्हणून तुम्ही लग्नाकार्यातही चपला घालून गेलात आणि लोक म्हणाले, बघा साधा माणूस. खाली पडलेली किल्ली पायाच्या बोटांत धरून वर उचलायचात आणि पोरं म्हणायची, वस्तादांचं कसब बघा. जतच्या मैदानात मांडीची मागची शीर तुटली ती आखडूनच बसली. पुढं गुडघा कामातून गेला, पोट सुटलं, मग उकिडवंही बसता येईना. तुमचा हात आणि तुमचा पाय यांची गाठभेट संपली ती संपलीच. ते कुणाला माहीत होतं? मला. कारण तुमच्या पायाची नखं मी कापायचे.

रविवारी सकाळी, अंगणात ऊन आलं की तुम्ही खुर्चीत, मी पाटावर, तुमची टाच माझ्या मांडीवर. तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं वस्ताद वाचतायत. “बाई, जपून. जिवंत बोट हाय,” एवढंच मधूनमधून म्हणायचात. अख्खी शाळा मला बाई म्हणते म्हणून तुम्ही चिडवायला म्हणून सुरुवात केलीत आणि मग तेच माझं नाव झालं. एवढा मोठा गडी, मैदानात कुणाच्या बापाला न भिणारा, आणि नेलकटर अंगठ्याच्या कोपऱ्यात गेलं की डोळे मिटून घेणारा. त्या अर्ध्या तासात तुम्ही माझ्याशी भांडायचा नाहीत. बाकी आठवडाभर भांडायचात.

आणि भांडण कसलं, तर त्या एका शिरेचं. सासू नाही, सोनंनाणं नाही, दुसरी बाई नाही. मांडीच्या मागची शीर! शेजारणीला सांगितलं तर ती हसायची.

मी माधवनगरची, खो-खोत वाढलेली. आमच्यात पोरगी मैदानातल्या पाटीवर बसायच्या आधी गुडघे सरळ ठेवून वाकते, तळवे जमिनीला टेकवते आणि तिथंच थांबून सावकाश श्वास सोडते. सूर मारताना पाय मागं ताणला जातो, तेव्हा मागची शीर लांब झाली नाही तर तुटते, हे आम्हाला फ्रॉकात असल्यापासून माहीत. तुम्ही साताऱ्याकडचे. एक भाऊ फौजेत, एक उसात, आणि तुम्ही इकडं सांगलीकडच्या तालमीत. तुमच्यात पहाटे उठून बैठका मारायच्या, जोर काढायचे, मातीत घुमायचं, दूध प्यायचं आणि झोपायचं. मांडीची पुढची बाजू खांबासारखी करायची आणि मागची बाजू आखडून बसली तरी तिच्याकडं कुणी बघायचं नाही, कारण ती आरशात दिसत नाही.

मी किती वेळा सांगितलं असेल? बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटलेली ती शीर. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, तुम्ही खाली शिरता तेव्हा ती ताणली जाते. समोरच्यानं तुमचा पाय धरून वर उचलला तर आणखी ताणली जाते. रोज कसरत झाल्यावर, अंग गरम असताना, तिला जरा लांब करा. झटका द्यायचा नाही, गुडघा सरळ ठेवायचा, श्वास सोडत जायचं. यात अवघड काय आहे?

तुमचं उत्तर तालमीच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. मारुतीच्या कोनाड्यावर, ‘मोडेन पण वाकणार नाही’. आणि तोंडी उत्तर ठरलेलं, पोरांच्या घोळक्यात दिलेलं. “बाई, मला ताण घ्या म्हणू नगा. तुमच्यासंगं लगीन केल्यापास्नं ताणच घेतोय.” पोरं खिदळायची. मलाही हसू यायचं, आणि हसले की भांडण माझ्या हातातून निसटायचं. तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. आता तो विनोद आठवला की दात-ओठ खावेसे वाटतात.

जतच्या यात्रेचं ते मैदान आठवतंय? आपलं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायकांच्या घोळक्यात उभी होते. समोरचा गडी विजापूरकडचा, तुमच्याहून हलका. त्यानं एकेरी पट धरला आणि तुमचा उजवा पाय उचलून छातीला लावला. तुम्ही एका पायावर उड्या मारत मागं सरकताय आणि तो पाय वर-वर नेतोय. मला तेव्हाच कळलं, आता ही शीर जाणार. गेली. तुम्ही मांडी धरून खाली बसलात आणि त्यानं तुमची पाठ मातीला लावली. गावाला तुम्ही सांगितलंत, “मातीत पाणी जास्त हुतं, पाय घसरला.” आजही लोक तेच सांगतात. शोकसभेतही एकानं सांगितलं. मांडी मागून कुल्ल्यापर्यंत काळीनिळी पडली होती, ती मी बघितली होती. घसरून मांडी काळी पडत नाही हो.

आणि मग तो लंगोट. सूज उतरल्यावर मी म्हटलं, आता हळूहळू ताण घ्यायला पाहिजे, नाहीतर ही जागा अशीच आखडून जाईल. तुम्ही उताणे झोपलेले. पायाच्या तळव्याला अडकवून पाय सरळ वर ओढायला काहीतरी लांब कापड हवं होतं. दोरीवर तुमचा लंगोट वाळत होता. लांब, मऊ, मजबूत. मी तो घेतला आणि तुमच्या तळव्याला अडकवला. तुम्ही असे किंचाळलात की म्हशीनं दावं तोडलं.

“त्येला हात लावायचा न्हाई! बाईमाणसानं लंगोटाला हात लावायचा न्हाई, आन् पायाला तर... आगं मारुतीच्या पायाशी ठेवतो आमी त्यो!”

लंगडत उठलात. लंगोट दोन पाण्यांतून धुतलात, तालमीत नेऊन मारुतीपुढं ठेवलात, नाक घासून माफी मागितलीत. माझ्या चुकीची माफी माझ्या नावानं तुम्हीच मागून आलात. मग माझ्याशी अबोला. आणि त्या दिवसानंतर ताण हा शब्द तुमच्या तालमीत बंद झाला. तुमची शीर आखडली ती आखडली आणि कुस्ती संपली. पुढं वस्ताद झालात. माणसं म्हणाली, वयानं थांबले. मी गप्प बसले.

सगळंच वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. रागात माणूस चांगलं विसरतं, पण मी विसरलेले नाही. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला खाटेवरून उचलून न्हाणीत नेणारे तुम्हीच. जावई सासूला असं उचलतो का, म्हणून भावकी कुजबुजली, तर म्हणालात, “शंभर किलोचा गडी उचललाय, माज्या सासूचं वजन काय त्ये!” आई खुदकन हसली होती. आणि माझ्या शाळेतल्या पोरी कुस्ती शिकायची म्हणाल्या, तेव्हा तालमीचं दार उघडणारेही तुम्हीच. गावातली चार टाळकी सांगायला आली होती, पोरी मातीत नकोत. तुम्ही म्हणालात, “माती काय बाई का बाप्या बघती व्हय?” ज्या माणसानं बायकोला लंगोटाला हात लावू दिला नाही, तो हे बोलला. त्या रात्री मी तुम्हाला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या आणि काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. आता बोलते. तुम्ही त्या दिवशी मला लय आवडलात.

पण त्याच पोरींवरून आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. ऋतुजा, आपल्या तालमीतली सगळ्यात चांगली पोरगी, तिची मांडी मागून दुखायला लागली. तुम्ही म्हणालात, “तेल लाव, रगड, मातीत उतर.” तुमच्याकडं सगळ्या दुखण्याला एकच नाव, शीर. स्नायू दुखला तरी शीर, नस दबली तरी शीर, रक्तवाहिनी फुगली तरी शीर. आणि इलाजही एकच. मी तालमीत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हिला दोन आठवडे कुस्ती नाही, आणि आजपासून सगळ्यांनी कसरतीनंतर ताण घ्यायचा.

तुम्ही मातीच्या हौद्यात उभे होता. “बाई, ही तालीम हाय. खो-खो न्हाई.”

“शीर खो-खोची आन् कुस्तीची येगळी असती व्हय?” शाळेत मी शुद्ध बोलते, पण तुमच्याशी भांडताना माझी जीभ आपोआप गावावर जायची.

“मला शिकवू नगा. चाळीस वर्सं माती खाल्लीया.”

“खाल्ली असंल! आदी स्वताच्या हातानं स्वताच्या पायाची नखं कापून दावा, मग पोरींच्या पायाचं मला सांगा!”

आपल्या अंगणातली गोष्ट मी तालमीत आणली होती. तुमचा चेहरा लाल झाला. हौद्यातून बाहेर येऊन हात धुतलेत आणि घरी गेलात. मी आयुष्यभर तुम्हाला हजार गोष्टी सांगितल्या. मीठ कमी खा, हेल्मेट घाला, गुडघा दाखवा, जास्त जागू नका. त्यातली एकही ऐकली नाहीत. आणि ऐकली ती नेमकी हीच? रागाच्या भरात तोंडातून गेलेली?

दसऱ्यानंतर शिरवळला भाच्याकडं निघालात आणि गाडीवरून पडलात. डाव्या गुडघ्याला पट्टा आला, पाय महिनाभर सरळ ठेवायचा, हलायचं नाही. तुम्हाला जिना नको म्हणून तुमची खाट खालच्या खोलीत, मी वर माडीवर. पट्टा निघाला आणि तुम्ही काठी टेकत हिंडायला लागलात. थंडी होती, पायात कायम ती लांब गरम पँट. रविवारी मी पाट मांडला, नेलकटर घेतलं, तर म्हणालात, “ऱ्हाऊ दे या आटवड्याला.” पुढच्या रविवारी परत तेच. मी म्हटलं, नखं वाघासारखी वाढलीत, मोज्याला भोकं पडतील. तुम्ही हसलात. “पडू देत. वाघच हाय मी.” मला वाटलं, तालमीतलं बोलणं अजून मनात आहे. म्हटलं, असू दे राग, उतरेल.

मग मी शाळेचा संघ घेऊन बाहेरगावी गेले. परत आले त्या संध्याकाळी तुम्ही डाव्या पायानं लंगडत होता. उजव्या मांडीची शीर जुनी तुटलेली, डावा गुडघा पडून दुखावलेला, मी म्हटलं, आता काय नवीन? तुम्ही म्हणालात, “काय न्हाई. पाय भरलाय.”

“कशानं?”

“पोरांस्नी दावायला चार बैठका मारल्या.”

झालं. मी तोंडाचा पट्टा सोडला. गुडघ्याचा पट्टा निघून किती दिवस झाले आणि हा बाप्या बैठका मारतोय! तुम्ही ऐकून घेतलंत, दूध प्यालात आणि झोपायला गेलात.

पाय भरलाय. आवं, काय शब्द आहे हा! पैलवानाच्या घरात या शब्दाला कोण घाबरणार? तुमच्यात भरणं म्हणजे कौतुक. गडी भरलाय, मांडी भरलीय, छाती भरायला लागलीय. नवं पोरगं पहिल्यांदा बैठका मारतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडतं, तेव्हा त्याला सांगतात, पाय भरलेत, चांगलंय, भरू देत. त्या घरात पाय भरलाय म्हणजे जेवण झालं म्हटल्यासारखं. आणि तुमचा पाय खरंच भरला होता. पोटरीच्या आत, रक्ताच्या शिरेत, गुठळी भरली होती. तुम्ही बोललात ते अक्षरन् अक्षर खरं होतं आणि आपल्या दोघांनाही त्याचा अर्थ कळला नाही.

दोन दिवसांनी सकाळी तुम्ही तालमीच्या पायरीवर बसलात, दम लागला म्हणालात, आणि गेलात. सांगलीला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर तरुण होता, शांत बोलत होता. त्यानं विचारलं, “पाय सुजला होता का?” मी म्हटलं, नाही. मग त्यानं चादर बाजूला केली. डावी पोटरी उजवीच्या दीडपट. ताणून चकाकत होती. तो म्हणाला, पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असणार. बरेच दिवस पाय हलला नाही की असं होऊ शकतं. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर लगेच दाखवायचं, औषध असतं.

इतकी वर्षं ज्या पायाची नखं मी कापली, तो पाय मला परक्या माणसानं दाखवला. त्या क्षणी मला रडू आलं नाही पैलवान. मला तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटलं.

घरी आणलं. आंघोळ घालताना मी बघितलं, नखं खरंच वाढलेली. मी आत जाऊन नेलकटर घेऊन आले. तुमच्या चुलतीनं माझा हात धरला. “आगं पोरी, मड्याची नखं कापत न्हाईत.” मी म्हटलं, हे मला सांगू नका, हे माझं काम आहे. चार बायकांनी मला मागं ओढलं. तुमचे अंगठे एकमेकांना बांधले आणि तशाच नखांनी तुम्हाला नेलं. याचा राग कुणावर काढायचा हेही मला कळेना, म्हणून तुमच्यावरच काढला.

तेराव्यानंतर मुनीरभावजी आले. तुमचा तालमीतला जोड, तुमच्याबरोबर रोज मातीत उतरणारा, आणि आता माधवनगर रस्त्याला गाद्यांचं दुकान चालवणारा. दारातच उभे राहिले, आत येईनात. हातात पिशवी. मी म्हटलं, या की भावजी, परके आहात का? ते बसले, पाणी प्यायले आणि पिशवी माझ्यापुढं सरकवली. आत तुमचा लंगोट होता.

“वैनी, ह्यो माज्या दुकानात ऱ्हायला हुता.”

“तुमच्या दुकानात? लंगोट?”

मुनीरभावजींचे डोळे भरले. “पट्टा निघाल्यापास्नं रोज दुपारी यायचा. शटर अर्धं खाली घ्यायला लावायचा, कोण बघंल म्हणून. नव्या गादीवर उताणा पडायचा, ह्यो लंगोट पायाला अडकवायचा आन् पाय वर वडायचा. आदी उजवा, मग डावा. मला सांगायचा, गुडघा सरळ हाय का बघ. झटका द्यायचा न्हाई. श्वास सोडायचा. मी म्हणलं, आरं ह्ये कुनी शिकिवलं तुला? तर म्हणला, बाईनं. लय वर्सं झाली शिकवून.”

एकेक शब्द माझा होता. माझाच, माझ्याच क्रमानं. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पोरांना हसवत होता आणि आत सगळं साठवून ठेवत होता. आणि लंगोट! ज्याच्यावरून मला अबोला धरलात, तोच पायाला लावलात!

“आन् मग उठून बसायचा, पाय लांब करायचा आन् हात पुढं न्यायचा,” भावजी म्हणाले. “पैल्यांदा नळीपतुर जायचा. मग घोट्यापतुर. शेवटाला अंगठ्याला चार बोटं कमी पडायची. म्हणायचा, मुन्या, एवढी चार बोटं मिटली की रविवारी अंगणात पेपर टाकून देतो आन् बाईसमोर माजी मी नखं कापतो. तोंड बघायचंय तिचं. म्हणून तुमाला कापू देत नव्हता. आन् वर काय म्हणायचा, नखं वाढतायत ते बरंच हाय, पाय तेवढाच जवळ येतोय.”

मी हसले. आवं, तेराव्यानंतर, पांढऱ्या कपाळानं, मी खदखदून हसले. मुनीरभावजी घाबरले.

मग मी विचारलं, “पाय सुजलेला दिसला न्हाई तुमाला?”

“दिसला वैनी. पोटरी गरम लागायची. मी म्हणलं, वैनीला दाव. तर म्हणला, ताणानं भरलाय, सवय न्हाई म्हणून. आत्ता दावला तर म्हणंल, बघा, चुकीचा घेतला. आदी हात लागू दे पायाला, मग दावतो.”

मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि ओट्यावर मूठ आपटली. डब्याचं झाकण खाली पडलं, ते वाकून उचललं, परत आपटलं.

तुम्ही ऐकलंत. एवढंच मला आयुष्यभर हवं होतं, की एकदा तरी या माणसानं माझं ऐकावं. आणि ऐकलंत, पण चोरून ऐकलंत. बायकोचं ऐकताना कुणी बघू नये म्हणून शटर अर्धं खाली! अंगणात घेतला असतात तो ताण, माझ्यासमोर, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, तर मी एका नजरेत ओळखलं असतं. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी दिसल्या असत्या की. त्याच दुपारी रिक्षात घालून नेलं असतं. गादीवाल्याला पाय दाखवलात, आणि मला म्हणालात, भरलाय. मी डॉक्टरांना जाऊन विचारलंही, ताण घेतल्यामुळं झालं का? ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही, पाय महिनाभर आवळून होता तेच कारण दिसतं. दाखवायला उशीर झाला, एवढंच. एवढंच म्हणे.

भिंतीवर लिहून ठेवलं होतंत, मोडेन पण वाकणार नाही. मेल्या माणसा, वाकायला तर लागला होतास! चार बोटं राहिली होती! वाकतोय हे सांगायचंच तेवढं तुझ्या जिवावर आलं. बघा, अरेतुरेवर आले. उभ्या आयुष्यात आले नव्हते. असू दे.

गेल्या आठवड्यात तालमीत गेले. पोरं-पोरी कसरत आटोपून मातीच्या कडेला बसली होती. मी पिशवीतून लंगोट काढला, ऋतुजाला उताणं झोपवलं आणि तिच्या तळव्याला तो अडकवायला गेले. तिनं पाय झटकन ओढून घेतला.

“बाई, वस्तादांचा लंगोट हाय! पायाला? पाप लागंल.”

“लागू दे. वस्तादांनी स्वता लावलाय.”

सगळी तालीम माझ्याकडं बघायला लागली. मग मी सांगितलं. शटर, गादी, चार बोटं, नखं, सगळं. तुमची इज्जत काढली, व्हय, काढली. कुणी हसलं नाही. एकेक जण उठला आणि मिळेल ते घेऊन आला, पंचा, टॉवेल, ओढणी, आणि ओळीनं उताणे झोपले. मी म्हटलं, गुडघा सरळ. झटका नाही. श्वास सोडा. भिंतीवरचं ते वाक्य मी पुसलेलं नाही. पोरांना विचारलं, तर म्हणाली, असू दे बाई, वस्तादांची आठवण हाय. तुमची पोरं तुमच्यासारखीच.

थोड्या वेळानं ऋतुजा उठून बसली, मांडी चोळत म्हणाली, “बाई, पाय भरला.”

“दाखव,” मी म्हटलं.

“आवं, काय न्हाई, नुसता...”

“दाखव म्हणते ना. पँट वर कर. दुसरा पण दाखव. दोन्ही शेजारी ठेव.”

मी खाली बसले, दोन्ही पोटऱ्या हातात घेऊन बघितल्या. सारख्या होत्या. गार होत्या. काही नव्हतं, नुसती सवय नव्हती. आता आपल्या तालमीत हा नियम आहे. पाय भरलाय म्हणायला बंदी नाही, पण म्हणालं की आधी दाखवायचा, मग पुढचं बोलायचं. सगळी पोरं दाखवतात. लाजत नाहीत, माझ्या मांडीवर सरळ टाच ठेवतात.

आज रविवार आहे. अंगणात ऊन आलंय. मी पाट मांडून बसलेच होते की ओ, नेलकटर घेऊन. तुम्ही नुसता पाय पुढं करायचा होता.